लगामाची वेणी आणि पन्नास टक्के

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचा जादा आयातकर पन्नास टक्क्यांवर नेला. तेव्हापासून आपण कोळंबी, हिरे, तयार कपडे, गालिचे यांच्याबद्दल भरपूर वाचलं. चामड्याबद्दलही वाचलं, पण चामडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बूट आणि बॅगा येतात. घोड्याचा लगाम कुणाच्याच यादीत नव्हता. तसं यात नवल काही नाही. वरातीचा घोडा आणि माथेरानची ट्रिप सोडली, तर आपल्यापैकी बहुतेकांना घोडा भेटतो तो मोबाइल गेममध्येच. लगाम प्रत्यक्ष हातात धरलेले किती जण असतील?

पण अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियात जिथे लोक हौसेने घोड्यावर बसतात, तिथल्या तबेल्यांत खुंटीला टांगलेल्या सामानात कानपूरचा माल असतो. खोगीर, लगाम, म्होरकी, तंग, रिकिबीचे पट्टे असं सगळं. ‘कानपूर सॅडलरी’ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. आपल्या कोल्हापुरी चपलेला आहे तेच. तरीही कोल्हापुरीचं नाव मिलानच्या फॅशन शोवरून जगभर गाजतं आणि कानपूरच्या लगामाबद्दल कानपूरबाहेर फारसं कुणी बोलत नाही. या सामानातला सगळ्यात वेळखाऊ प्रकार म्हणजे हाताने वेणी घातलेला लगाम. टॅरिफच्या भांडणात सर्वांत आधी कोण भरडलं जातं हे समजून घ्यायचं असेल, तर कंटेनरच्या आकड्यांपेक्षा ही वेणी बघितलेली बरी.

मुळात लगामाला वेणी कशासाठी? दिसायला छान दिसते हे खरं, पण ते नंतरचं. घोड्याला घाम येतो, स्वाराच्या तळव्यांनाही येतो, पाऊसही पडतो. चामड्याची सपाट पट्टी ओली झाली की हातातून सटकते. वेणीला खाचा असतात, त्यामुळे बोटांना पकड मिळते. शिवाय वेणी सपाट पट्टीपेक्षा लवचीक असते, म्हणजे हाताची बारीकशी हालचालही घोड्याच्या तोंडापर्यंत झटका न बसता पोचते. आणि एक पेड तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. धावत्या घोड्यावर बसलेल्या माणसासाठी ही काही छोटी गोष्ट नाही. आपल्याकडचा जुना चामड्याचा आसूड आठवा, तोही पेडांचाच. गुंफलेल्या चामड्याची ताकद शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागली नाही.

आता काम कसं चालतं ते बघू. जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट असतं आणि पोटाचं लेचंपेचं. लगामाला पाठीचंच लागतं, नाहीतर काही महिन्यांत एक बाजू ताणून लांब होते आणि दुसरी तशीच राहते. खोगीर-लगामाचं चामडं साधारणपणे झाडाच्या सालींच्या अर्काने कमावलेलं असतं. कानपुरात या धंद्याने मूळ धरलं त्यामागे म्हशीचं कातडं आणि बाभळीची साल दोन्ही जवळपास मिळत होती, हे एक मोठं कारण. कमावलेल्या चामड्यातून एकसारख्या रुंदीच्या वाद्या कापायच्या. एखादी वादी मधेच केसभर रुंद झाली तरी वेणीत तिथे फुगवटा दिसतो. मग प्रत्येक वादीच्या कडा रापीने तासायच्या, म्हणजे पेडावर पेड नीट बसतो. चामडं थोडं ओलसर करायचं. फार ओलं ठेवलं तर वाळल्यावर आक्रसतं आणि पेडांमध्ये फटी पडतात, कोरडं ठेवलं तर ताणताना चिरतं. त्यानंतर खरी परीक्षा, म्हणजे ताण. पहिल्या वितीला हातात जितका जोर होता तितकाच शेवटच्या वितीलाही हवा. सकाळी ताज्या हाताने घातलेली वेणी आणि संध्याकाळी दमलेल्या हाताने घातलेली वेणी एकाच लगामात शेजारी आली, तर जाणकार ती बोटाने ओळखतो. वेणीत लांबी खर्ची पडते, त्यामुळे वाद्या तयार लगामापेक्षा बऱ्याच लांब घ्याव्या लागतात. तेवढं चामडंही जास्त जातं.

यातली एक गंमत घरी करून बघण्यासारखी आहे. रेक्झिनची वीतभर पट्टी घ्या. दोन्ही टोकं शाबूत ठेवून मधे दोन उभ्या चिरा द्या. तीन पेड तयार झाले, पण मोकळं टोक एकही नाही. आता वेणी घालायला घ्या. वर जितके पीळ पडतील तितकेच उलटे पीळ खाली पडत जातील. मग खालचं अख्खं टोकच चिरेतून आरपार ओवून ते उलटे पीळ सोडवायचे, पुन्हा वेढे घालायचे, पुन्हा टोक ओवायचं. सहा वेढ्यांनी हिशेब बरोबर जमतो आणि हातात येते दोन्ही टोकं बंद असलेली तिपेडी वेणी, जी बघून समोरचा विचारतो की ही घातलीच कशी. (गणितवाल्यांसाठी: एमिल आर्टिनने १९२५ मध्ये वेण्यांचं रीतसर गणित मांडलं. ही युक्ती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चामड्याचं काम करणाऱ्यांच्या बोटांत आहे.) गोल दोरी विणणारी यंत्रं आहेत आणि ती झपाट्याने काम करतात. पण टोकं बंद असलेल्या पट्टीची अशी वेणी हातानेच घालावी लागते.

थोडक्यात, वेणीच्या लगामात साध्या लगामाच्या तुलनेत जास्तीचं जे काही आहे, ते बहुतांशी एका माणसाचा वेळ आहे. इथून पुढचं गणित कळायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

समजा, एक लगाम अमेरिकी आयातदाराला वीस डॉलरला पडतो. (आकडा केवळ समजण्यापुरता.) पन्नास टक्के करामुळे त्याच्या डोक्यावर आणखी दहा डॉलर आले. तो कानपूरच्या निर्यातदाराला म्हणणार, निम्मे तुम्ही सोसा, नाहीतर मी दुसरीकडून घेतो. दुसरीकडे म्हणजे कुठे? २०२५ मध्ये पाकिस्तानवर कर होता १९ टक्के, व्हिएतनामवर २०. म्हणजे धमकी पोकळ नव्हती. आता निर्यातदाराने पाच डॉलर कुठून काढायचे? कातड्याचा भाव त्याच्या हातात नाही. बकलांचा नाही, विजेचा नाही, जहाजभाड्याचा तर नाहीच. त्याचा स्वतःचा नफा आणि नगावर दिली जाणारी मजुरी, एवढ्याच दोन गोष्टी दाबण्यासारख्या उरतात. या दोनांतली आधी कुठली दाबली जाईल हे सांगायला नको.

दुसरा परिणाम जास्त चोरपावलांनी येतो. आयातदार म्हणतो, वेणीचा राहू द्या, साधा पट्टीचा पाठवा, किंवा रबर लावलेला. पट्टी यंत्रावर कापून होते. ऑर्डर कायम राहते, निर्यातीच्या आकड्यात फार फरक दिसत नाही, आणि वेणी घालणाऱ्याचं काम मात्र जातं. कस्टमच्या यादीत हे कधीच दिसणार नाही. तिथे खोगीर, लगाम, जनावरांचे पट्टे, तोंडाला बांधायच्या जाळ्या आणि चक्क कुत्र्यांचे कोटसुद्धा ४२०१ या एकाच शीर्षकाखाली येतात, ते कशाचेही बनलेले असोत. हाताने गुंफलेला लगाम आणि प्लॅस्टिकचा लेप दिलेला लगाम, दोघांचा पत्ता एकच. जी गोष्ट वेगळी मोजलीच जात नाही, ती कमी झाली की वाढली हे कळणार कसं?

हा धंदा एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर उभा राहतो आणि गिऱ्हाईक फिरलं की कोसळतो, हे काही पहिल्यांदा घडत नाहीये. आपल्याकडे जिनगर हे आडनाव आहे, समाजही आहे. ‘जीन’ म्हणजे खोगीर, ते बनवणारा तो जिनगर. मराठ्यांच्या घोडदळाला खोगिरं-लगाम पुरवणारे हे हात. १८१८ मध्ये पेशवाई गेली, घोडदळं मोडली, आणि जिनगर धातूकाम, रंगकाम अशा दुसऱ्या कामांकडे वळले. भाषेत उरली ती ‘खोगीरभरती’. खोगिरात नीट भरणी केली नाही तर घोड्याची पाठ सोलून निघते, म्हणजे भरती हे मूळचं कसबाचं काम. आपण तो शब्द आता वर्तमानपत्रातल्या फालतू मजकुरासाठी वापरतो, असो.

कानपूरची गोष्टही लष्करापासूनच सुरू होते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजी फौजेला घोड्यांचं सामान इथेच बनवून हवं होतं. १८६० च्या दशकात कानपुरात सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली, तिच्यामागोमाग खासगी कारखाने आले. पुढे फौजेतून घोडे गेले. आज भारतीय लष्करात घोडदळ म्हणून नाव घ्यायचं तर जयपूरच्या ६१ कॅव्हलरीचं आणि राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचं. ती जुनी फॅक्टरी २०२१ पासून ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहे. लष्कराची जागा परदेशी हौशी स्वारांनी घेतली आणि धंदा तगला. २०२५ मध्ये त्या हौशी स्वारांच्या देशाने कर लावला. गिऱ्हाईक बदललं, अवलंबून राहणं तेच राहिलं.

मग जगात हे काम सगळीकडे असंच स्वस्तात जातं का? नाही, आणि इथेच खरं दुखणं आहे. अर्जेंटिनात गाउचो, म्हणजे तिथले घोड्यावरचे गुराखी, यांच्यासाठी कच्च्या कातड्याच्या बारीक वाद्या गुंफून लगाम आणि फास बनवणारे कारागीर आहेत. त्यांना ‘सोगेरो’ म्हणतात. कसबी सोगेरोचं नाव घेऊन गिऱ्हाईक येतं. कॅलिफोर्नियात लुईस ऑर्टेगा नावाचे कच्च्या कातड्याची वेणी घालणारे कारागीर होऊन गेले. त्यांना १९८६ मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलांमधला तिथला सर्वोच्च सन्मान. अशा कारागिरांचे लगाम संग्राहक जपून ठेवतात. इंग्लंडमधलं वॉल्सॉल हे गाव खोगिरांसाठी एवढं प्रसिद्ध, की तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच ‘द सॅडलर्स’, म्हणजे जिनगर! गावातले बरेचसे कारखाने बंद झाले, पण नाव मैदानावर अजून घोषणांत ऐकू येतं.

पाच पेडांची वेणी कॅलिफोर्नियात घातली काय आणि कानपुरात घातली काय, पेड तितकेच आणि घाम तितकाच. एकीकडे ती कला होते, दुसरीकडे नगावरची मजुरी. एक कारण उघड आहे. तिकडचा कारागीर थोड्या आणि निवडक वस्तू करतो, इकडून कंटेनर भरून माल जातो. पण तेवढंच कारण सांगून थांबणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. तिकडे चामड्यावर काम करणाऱ्याच्या हाताकडे गुराख्याच्या, घोडेस्वाराच्या दिमाखाचा भाग म्हणून बघितलं जातं. आपल्याकडे त्याच हाताला शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं. कानपूरच्या चामडे उद्योगातले कामगार प्रामुख्याने दलित आणि मुस्लिम आहेत. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोडवणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात फटके मारले गेले आणि त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच फिरवला. त्यानंतर तिथल्या अनेक दलितांनी मेलेली जनावरं उचलणंच थांबवलं. तेव्हा ‘ही कला वाचवली पाहिजे’ असं रीलच्या कॅप्शनमध्ये लिहिण्याआधी ती कुणी वाचवायची आणि कुठल्या अटींवर, हे विचारावं लागतं. वेणी घालणाऱ्याच्या मुलीला बी.कॉम. करून बँकेत जायचं असेल, तर तिने परंपरेसाठी थांबावं असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही. ती थांबेल, जर या कामात बँकेइतके नाहीतरी निदान मॉलमधल्या नोकरीइतके पैसे आणि थोडा मान असेल.

पैसे आणि मान यांचा संबंध नावाशी कसा असतो, याचं ताजं उदाहरण आपल्याकडचंच आहे. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि त्यात कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. इथे आरडाओरड झाली, मग कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. तेव्हाच्या बातम्यांनुसार दोन हजार जोड इथे बनणार होते, किंमत जोडाला सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. आता त्यातले कारागिराच्या हातात किती पडतात ते बघायचं. कोल्हापुरीलाही चामड्याची वेणी असते, आणि ती घालणाऱ्या हातांमध्ये बायकांचे हात मोठ्या संख्येने आहेत, घरबसल्या, नगावर. तरीही कोल्हापुरीकडे ओरडायला एक नाव होतं. ‘आमची कोल्हापुरी’ म्हणणारे लाखो लोक होते. कानपूरचा लगाम तिकडच्या दुकानात बहुतेकदा तिकडच्याच ब्रँडचा शिक्का घेऊन लटकतो. जीआय असून काय उपयोग, जर लगाम घेणाऱ्याला कानपूर हे नावच दिसत नसेल?

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १२ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केलं, त्यात चामड्याला प्राधान्य आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात चामड्याच्या मालावरचा कर काढण्याची तरतूद आहे, म्हणजे दुसरा दरवाजा. पण अभियानाची मदत निर्यातदाराला मिळते, स्वस्त कर्ज आणि बाजारपेठेसाठी साहाय्य अशा रूपात. ती झिरपत खाली नगावरच्या कारागिरापर्यंत जाईल हे गृहीत धरलंय. पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात चर्मकार आणि पादत्राणं बनवणारे आहेत, माशांची जाळी विणणारेसुद्धा आहेत. खोगीर-लगाम बनवणाऱ्याचं वेगळं नाव नाही, त्याला चर्मकारातच बसवून घ्यावं लागणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत नगावरच्या कामालाही किमान वेतन आहे. कागदावर हे उत्तम. पण घरी बसून वेणी घालणाऱ्या बाईकडे तिने आज किती तास काम केलं याचा पुरावा नसतो, आणि मुकादमाकडे तो असावा असं त्याला वाटत नाही.

काय करता येईल? माझ्या मते पहिली गोष्ट अगदी साधी आहे. जीआय असलेल्या मालावर ठिकाणाचं नाव दिसेल असा शिक्का, आणि हातकामाच्या नगावर कारागिराचा क्रमांक. लगामाच्या बकलाजवळची घडी एवढ्यासाठी पुरेशी आहे, कारखाने तिथे मापाचा शिक्का मारतातच. यात खर्च नगण्य आहे. अडचण वेगळीच आहे. परदेशी ब्रँडला कारागिराचा क्रमांक नको असतो, कारण क्रमांक आला की मजुरीचा प्रश्न येतो. युरोपियन युनियनशी २०२५ मध्ये व्यापार कराराची बोलणी चालू होती, तिथे भौगोलिक मानांकनांचा विषय होताच. त्यांना त्यांच्या चीज आणि वाइनची नावं जपायची असतात. मग कानपूरचं आणि कोल्हापूरचं नावही त्याच कागदावर त्याच ठसठशीतपणे आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट देशातल्या गिऱ्हाइकाची. २०२३ च्या हांगझू एशियाडमध्ये ड्रेसाजच्या भारतीय संघाने सुवर्णपदक मिळवलं, १९८२ नंतर घोडेस्वारीतलं पहिलं. त्या संघात हृदय छेडा हा मुंबईचा मुलगा होता. रायडिंग स्कूल वाढताहेत, पुण्या-मुंबईच्या आसपास तर दिसतातच. तिथल्या हौशी पालकांना मुलासाठी विलायती लगाम मागवायचा असतो. तो फिरून कानपूरचाच येण्याची शक्यता बरीच आहे, फक्त दुप्पट-तिप्पट किमतीला.

आणि दत्तजयंतीपासून नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. देशभरातून घोडे येतात, त्यांच्या किमतीच्या बातम्या होतात. घोड्यांच्या बाजाराला लागून सामानाची दुकानं असतात. गोंडे, घुंगरं, रंगीबेरंगी नायलॉनच्या म्होरक्या, रेक्झिनची खोगिरं. गेलात तर लाखांचा घोडा बघून झाल्यावर त्या दुकानांतही डोकवा आणि चामड्याच्या वेणीचा लगाम मागा. मिळाला तर कुठून आला आणि कुणी घातली वेणी, हेही विचारा. दुकानदार गावाचं नाव सांगेल कदाचित. माणसाचं सांगू शकला, तर लिहून आणा.